विंग चुन : जवळच्या झुंजीची चिनी विद्या आणि आपल्या मुली

मंद्रूप हें आमचें गांव सोलापूर-विजापूर रस्त्यावर, सीना व भीमा या दोन नद्यांच्या मधल्या टापूंत वसलें आहे. येथील मुली शाळा संपली कीं पुढील शिक्षणासाठीं सोलापुरास जाऊं लागतात. कांहीं पुण्यामुंबईस वसतिगृहांत राहतात. मुलीस परतण्यास उशीर झाला म्हणजे घरांतील वडील माणसांच्या जिवाला जी घोर लागते, ती कोणास सांगावयास नको. या काळजींतूनच हल्लीं पुष्कळ घरांत असा प्रश्न निघतो, कीं मुलीस स्वसंरक्षणाची एखादी विद्या शिकवावी काय, आणि शिकवावी तर कोणती? चित्रपटांमुळें 'विंग चुन' हें चिनी नांव आतां मुलांच्या तोंडीं झालें आहे. अगदीं जवळून लढण्याची व दुबळ्यासही बलवंतापुढें उभें करणारी विद्या, अशी तिची ख्याति आहे. ती कितपत खरी, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही विद्या दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतांतली. न्ग मुई नांवाच्या एका बौद्ध भिक्षुणीनें ती निर्माण केली, आणि एक गुंड जबरदस्तीनें लग्न करूं पाहत असतां यिम विंग चुन या तरुणीस शिकवून तिची सुटका केली, अशी दंतकथा आहे. इतिहासाच्या कसोटीस ही कथा उतरत नाहीं; तथापि एका स्त्रीनें आपल्या रक्षणासाठीं उचललेली विद्या म्हणून तिची ओळख रूढ झाली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आधुनिक काळांत तिचा प्रसार मुख्यतः फोशान येथील इप मान (१८९३-१९७२) यांच्यामुळें झाला. १९५० च्या सुमारास त्यांनीं हाँगकाँगमध्यें शिकविण्यास आरंभ केला. पुढें चित्रपटांमुळें जगप्रसिद्ध झालेला ब्रूस ली (१९४०-१९७३) हा त्यांचाच शिष्य होय.

तिचीं मूलतत्त्वें समजावयास कठीण नाहींत. शरीराच्या मध्यावरून एक उभी रेषा कल्पावयाची. नाक, गळा, छातीचा मध्य, पोट हीं सर्व नाजूक स्थळें तिच्यावर येतात. आपली ही रेषा झांकावयाची व प्रतिपक्ष्याच्या त्याच रेषेवर सरळ आघात करावयाचा. हात फिरवून मारण्यापेक्षां सरळ मारल्यास अंतर कमी पडतें व वेळही वांचतो. एका हातानें वार बाजूस सारीत असतांनाच दुसऱ्या हातानें मारावयाचें, हें दुसरें तत्त्व. 'ची साव' नांवाच्या अभ्यासांत दोघे समोरासमोर उभे राहून मनगटें मनगटांस लावून ठेवतात, व दुसऱ्याचा जोर कोणत्या दिशेस वळत आहे हें डोळ्यांनीं न पाहतां स्पर्शावरूनच ओळखावयास शिकतात. एकट्यानें अभ्यास करण्यासाठीं लांकडाचा खांब असतो. त्यास तीन हात व एक पाय बसविलेला असतो. आपल्याकडे पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनीं ज्याचें पुनरुज्जीवन केलें, त्या मल्लखांबाची येथें आठवण व्हावी. दोन्हीकडे लांकूडच माणसाचा जोडीदार होतें. मात्र आपल्या खांबावर मल्ल चढतो, आणि चिनी खांबावर हात चालवावयाचे असतात.

या विद्येचा मोठा गुण असा कीं, तिनें अंतराचा विचार बरोबर केला आहे. स्त्रीवर प्रसंग येतो तो मोकळ्या मैदानावर क्वचितच. तो गर्दीच्या बसमध्यें, जिन्यावर किंवा बंद खोलींत, हाताच्या अंतरावरच येतो. तेथें उंच लाथ मारण्यास जागा नसते. मनगट धरलें असतां तें सोडविणें, जवळूनच कोपर किंवा तळहात मारणें, तोल न जाऊं देणें, यांचाच तेथें उपयोग. शिवाय जोरास जोर न लावतां तो बाजूस वळवावा, ही शिकवण कमी ताकदीच्या व्यक्तीस उपकारक आहे.

आतां दुसरी बाजू. मार्च २०१८ मध्यें चीनमध्यें श्यू श्याओदोंग या आधुनिक मिश्र युद्धकलेच्या मल्लानें डिंग हाओ या विंग चुनच्या शिक्षकाशीं सामना केला. पंचांनीं तो बरोबरीचा ठरविला खरा. परंतु डिंग हाओ पुनःपुन्हा खालीं पडत होता, हें सर्व प्रेक्षकांनीं पाहिलें. वर्गांत सुंदर दिसणारी विद्या अशी कां लटकी पडावी? आमच्या मतें दोष तत्त्वांत नसून सरावांत आहे. पुष्कळ वर्गांतून जोडीदार ठराविक रीतीनें हात पुढें करतो व आपला डाव मुकाट्यानें लागूं देतो. खरा हल्लेखोर तसें करीत नाहीं. तो ढकलतो, केंस धरतो, जमिनीवर पाडतो. आणि पडल्यावर काय करावयाचें, हें या विद्येंत फारसें शिकविलें जात नाहीं.

आपल्या तालमींत ही उणीव राहत नाहीं. वस्ताद डाव सांगतात, पण तो वठला कीं नाहीं हें जोड धरल्यावर लाल मातीच ठरविते. समोरचा गडी आपणास पाडण्यासाठीं झटत असतो. जपानांत १८८२ सालीं जिगोरो कानो यांनीं कोदोकान ही संस्था स्थापून ज्यूदोचा पाया घातला, तेव्हां त्यांनींही अशा मोकळ्या झुंजीच्या सरावास मोठें स्थान दिलें. म्हणून मुलीस कोठेंही घालण्यापूर्वीं पालकांनीं एक दिवस तेथें बसून पाहावें. जोडीदार खरा विरोध करतो काय? धरून ठेवलें असतां सुटण्याचा, पडल्यावर उठण्याचा सराव होतो काय? ओरडणें व पळून जाणें हींही शिकविलीं जातात काय? या प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील, तर विद्या चिनी, जपानी कीं देशी हा भेद गौण होय.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले तर बलात्काराच्या शंभर प्रकरणांपैकीं नव्वदांहून अधिकांत आरोपी हा त्या स्त्रीच्या ओळखीचाच असतो. म्हणजे संकट जें जवळून येतें, तें केवळ अंतरानें नव्हे, नात्यानेंही जवळचें असतें. परक्यास तडाखा देणें मुलीस एक वेळ सुचेल. पण घरीं येणाजाणाऱ्या, वडीलधाऱ्या म्हणविणाऱ्या माणसाचा हात झिडकारण्यास तिचें मन कचरतें. मोठ्यांस उलट बोलूं नये, पाहुण्यांसमोर आवाज चढवूं नये, हें आपणच तिला लहानपणापासून शिकविलेलें असतें.

कॅनडांतील तीन विश्वविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. निम्म्या विद्यार्थिनींस एकूण बारा तासांचें शिक्षण दिलें. बाकीच्यांस केवळ माहितीपत्रकें. शिक्षणांत अंगाचे डाव थोडे होते. ओळखीच्या माणसापासून येणारा धोका वेळींच ओळखणें, मनांतील संकोच दूर करणें व स्पष्ट नकार देणें यांवर भर होता. वर्षभरांत बलात्कारास बळी पडलेल्यांचें प्रमाण माहितीपत्रकें मिळालेल्यांत शेंकडा ९.८, तर शिक्षण मिळालेल्यांत ५.२ निघालें. केवळ बारा तासांनीं इतका फरक पडावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

कायद्याचें भय बाळगण्याचेंही कारण नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. गरजेपेक्षां अधिक इजा करूं नये, ही त्याची मर्यादा. परंतु बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या उद्देशानें हल्ला झाला असतां हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो हक्क मान्य आहे.

तात्पर्य, मुलीस विंग चुन अवश्य शिकवावें, जर शिक्षक खरा सराव करवून घेणारा असेल. नसेल तर जवळच्या तालमींत मुलींसाठीं कुस्तीची सोय आहे कीं काय, तें पाहावें. पण घरांतील शिक्षण त्याच्या आधीं सुरू झालें पाहिजे. कोणाचा स्पर्श तिला नकोसा वाटला तर तो कोणाचा हें न पाहतां 'नको' म्हणण्याची तिला मुभा असावी. आणि ती येऊन सांगेल तेव्हां आजीनें, काकूनें, वडिलांनीं तिच्यावर प्रथम विश्वास ठेवावा. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात. त्यांतील एकानें तरी तिचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें, तर पुढील प्रसंगीं तिचा हात वेळेवर उठेल.