चेटकिणीपासून गांधीजींपर्यंत : दिलीप प्रभावळकर



गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी चौथीच्या मुलांचं एक छोटं नाटुकलं बसवत होते. राजा, राजपुत्र, राजकन्या, दोन शिपाई आणि एक चेटकीण. चेटकिणीसाठी मी एका मुलाला निवडलं. वर्गात तो फारसं बोलत नाही, पण मधल्या सुट्टीत खिचडी वाढणाऱ्या मावशींची नक्कल अशी करतो की मावशीसुद्धा हसतात. दुसऱ्याच दिवशी त्याची आई शाळेत हजर. "बाई, राजपुत्र नका देऊ, पण निदान शिपाई तरी करा. मुलगा आहे तो. चेटकीण काय? पोरं वर्षभर चिडवतील त्याला."

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. मी त्याला शिपाई केलं. हातात पुठ्ठ्याचा भाला घेऊन तो उभा राहिला, दोन वाक्यं होती, तीही विसरला. ते मला अजून खटकतं. त्या ताईंना जे उत्तर द्यायला हवं होतं, ते आज इथे लिहिते आहे. उत्तर म्हणजे एका नटाची कारकीर्दच आहे.

दिलीप प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. आज आपण त्यांना आबा टिपरे म्हणून, तात्या विंचू म्हणून, 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी म्हणून ओळखतो. पण त्यांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या भूमिकांपैकी एक कोणती, माहीत आहे? रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण! हो, चेटकीणच. एका तरुण मुलाने लहान मुलांसमोर बाईचं, तेही म्हाताऱ्या भयंकर बाईचं सोंग घेतलं. बालप्रेक्षक म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कंटाळा आला की मुलं सरळ पाण्याला उठतात. मोठ्यांसारखं भिडेखातर टाळ्या वाजवत नाहीत. अशा प्रेक्षकांना एकाच वेळी घाबरवायचं आणि हसवायचंही, ही मोठी तालीमच झाली. पुढे काही वर्षांपूर्वी हे नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी चेटकीण केली आणि आताच्या मुलांनीही ते डोक्यावर घेतलं. म्हणजे ही भूमिका दुय्यम नाहीच. त्या नाटकात मुलं कोणाची वाट बघतात, ते एकदा जाऊन बघाच.

मग दूरदर्शन. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं आणि त्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' मालिका आली. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्या घरात अजूनही कोणी घाबरट पण ऐटबाज वागलं की आजी म्हणते, "आला चिमणराव!" घरात टीव्ही नसलेली माणसं शेजाऱ्यांकडे जाऊन बसायची, असं ती सांगते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चिमणराव देखणा नाही, शूर नाही. साधा मध्यमवर्गीय, फजिती होणारा माणूस. नायक म्हणून ज्याच्याकडे कोणी बघणार नाही असा. तरीही तो लोकांच्या घरातला झाला.

आता मला ज्यावर जरा थांबायचं आहे ते सांगते, कारण ते आपल्या कामाशी जवळचं आहे. १९९१ मध्ये संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केलेला 'चौकट राजा' आला. त्यात प्रभावळकर नंदू झाले. लहानपणीच्या अपघातामुळे नंदूची बुद्धी मुलासारखीच राहिली आहे, शरीर मात्र मोठ्या माणसाचं. त्याची आई सुलभा देशपांडे आणि बालमैत्रीण स्मिता तळवलकर. त्याच सुमाराला रंगभूमीवर जयवंत दळवींचं 'नातीगोती' गाजत होतं. तिथे प्रभावळकर बापाच्या भूमिकेत, आणि मतिमंद मुलगा अतुल परचुरे. म्हणजे हाच नट एकीकडे अशा मुलाचा थकलेला, खचलेला बाप आणि दुसरीकडे स्वतःच तसं मूल! (त्या काळी 'मतिमंद' हाच शब्द सर्रास वापरत. आता आपण दिव्यांग, विशेष गरजा असलेली मुलं असं म्हणतो.)

माझ्या वर्गात असं एक मूल होतं. तेव्हा मी 'चौकट राजा' पुन्हा पाहिला आणि या वेळी शिक्षकाच्या नजरेने पाहिला. नंदूचं हसणं, मान, बोटं, शब्द अडखळणं यात कुठेही थट्टा नाही. नक्कल आणि अभिनय यात फरक काय, असं मुलं विचारतात. मला वाटतं तो इथे दिसतो. नक्कल बाहेरून दिसणारं तेवढं उचलते. नंदू मात्र आतून काहीतरी मागत असतो आणि ते त्याला सांगता येत नसतं. आपल्यापैकी जे समावेशित वर्ग सांभाळतात त्यांनी हा चित्रपट जरूर बघावा. पालकांबरोबर बघता आला तर आणखी चांगलं.

यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला! तात्या विंचू नावाचा गुंड मरतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज प्रभावळकरांचा. चेहरा नाही, हातवारे नाहीत, उरला फक्त आवाज. तरीही आमच्या पिढीची अर्धी पोरं रात्री एकटी अंगणात जायला घाबरायची. मीसुद्धा. आजही तिसरीतल्या मुलाला विचारा, तात्या विंचू त्याला माहीत असतो.

'हसवा फसवी' हे नाटक त्यांनी स्वतःच लिहिलं आणि त्यात स्वतः सहा वेगवेगळ्या भूमिका केल्या. वय, बोली, चाल, सगळं प्रत्येक वेळी नवं. त्यातले कृष्णराव हेरंबकर, म्हणजे जुन्या संगीत नाटकांतले थकलेले नट, लोक अजून आठवतात. विंगेत जाऊन काही मिनिटांत दुसरा माणूस होऊन यायचं, एवढी एकच गोष्ट मुलांना सांगितली तरी त्यांचे डोळे मोठे होतात.

२००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर ही मालिका बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. ते तेव्हा ५७ वर्षांचे होते, पण आबा त्याहून बरेच म्हातारे वाटायचे. सून, मुलगा, नातवंडं, किरकोळ भांडणं, वर्तमानपत्र, चहा. कट-कारस्थान नाही, थोबाडीत मारणं नाही. अनुदिनी म्हणजे रोजनिशी. चौथी-पाचवीला रोजनिशी लिहायला शिकवताना मी याचा दाखला देते. रोज घरात जे घडतं तेच लिहायचं असतं, 'आज काही विशेष नाही' हे उत्तर चालत नाही!

२००६ चा 'लगे रहो मुन्नाभाई' बहुतेकांनी पाहिला असेल. गांधीजी फक्त मुन्नालाच दिसतात. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सहायक' हा शब्द बघा. शिपाई आणि चेटकीण यांच्याच रांगेतला शब्द आहे तो. आणि पुढे 'सरकार राज'मध्ये हाच माणूस वरून साधा, आतून कपटी राव साब झाला. गांधीजींनंतर हे बघताना अंगावर काटा येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' आला, तेव्हा त्यांनी ८१ पूर्ण केली होती. कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री ही त्यातली त्यांची भूमिका. दशावतारात बायकांच्या भूमिका पूर्वापार पुरुषच करत आले आहेत. गावोगाव देवळासमोर, रात्रभर. तिथे कोणी कोणाला चिडवत नाही, उलट चांगलं स्त्रीपात्र करणाऱ्याला मान असतो. बालगंधर्वांचं तर नाव घ्यायलाच नको.

मुलांना त्यांची ओळख करून द्यायची तर सोपा रस्ता म्हणजे 'बोक्या सातबंडे'. हेही त्यांनीच लिहिलेलं. उचापती करणारा, पण मनाने चांगला मुलगा. वर्गात एक गोष्ट वाचून दाखवली की पुस्तकपेटीतली प्रत टिकत नाही, माझी दोनदा हरवली. मोठ्यांसाठी 'एका खेळियाने' आहे, त्यात त्यांनी आपल्या भूमिकांविषयी लिहिलं आहे.

वर्गात मी एक करून पाहिलं. 'पाणी देतेस का?' हे एकच वाक्य आजोबा, कंडक्टर, ताप आलेलं मूल आणि चेटकीण यांच्या आवाजात म्हणायचं. कोणाची निवड नाही, सगळ्यांनी म्हणायचं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. तिसऱ्या दिवशी एक मुलगी, जी वाचनाला उभी राहिली की रडते, तिने कंडक्टर असा केला की वर्ग गप्प झाला.

यंदाच्या पालकसभेत मी 'चेटकीण कोणाला?' हा प्रश्न आधीच काढला आणि प्रभावळकरांची गोष्ट सांगितली. दोन आया हसल्या. एक बाबा म्हणाले, "आमच्याला द्या मग, घरी तेच करतो." ज्या मुलाला मी शिपाई केलं होतं तो आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेला आहे. परवा बाजारात त्याच्या आई भेटल्या. त्यांना हा लेख पाठवते म्हटलं आहे.