जुने व्हिडिओ गेम : माल किलोने विकण्याआधी कानाने पारखा

भंगाराचे व्यापारी, जुन्या बाजारात माल मांडणारे आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर यांच्या उपयोगाचा हा विषय आहे. येरवड्याहून नदी ओलांडली की मंगळवार पेठेतला रविवार-बुधवारचा जुना बाजार. अशा बाजारात जुनी व्हिडिओ गेमची यंत्रेही येतात आणि प्लास्टिकच्या भावाने जातात. शौकीन गिऱ्हाईक मात्र त्यांचा आवाज ऐकून किंमत ठरवते.

उदाहरण सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हचे घेऊ. हे यंत्र जपानात १९८८ साली आले. भारतात १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीने वितरण हाती घेतले, तेव्हा किंमत सुमारे १८,००० रुपये होती. ज्या घरात हे यंत्र आले, तिथे ती मोठी खरेदी होती. म्हणून पोटमाळ्यावरून उतरलेला डबा हलका समजू नये.

मेगा ड्राइव्हच्या पहिल्या नमुन्याला पुढच्या बाजूस हेडफोनचा जॅक आणि आवाज कमी-जास्त करण्याचे सरकबटण आहे. मागच्या एव्ही सॉकेटमधून फक्त मोनो आवाज मिळतो. स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज, हेडफोनच्या जॅकमधूनच येतो. गिऱ्हाइकाला नुसता टीव्ही जोडून दाखवला, तर मालाचा अर्धा गुण झाकलेला राहतो. ज्या यंत्रावर गोलाकार ओळीत ‘हाय डेफिनिशन ग्राफिक्स’ असे छापले आहे, त्यात बहुधा चांगल्या आवाजाचा आधीचा बोर्ड असतो. पुढच्या लहान नमुन्यात हेडफोन जॅक काढून टाकला आणि स्टिरिओ मागच्या सॉकेटमध्ये दिला.

याच घराण्यातले दुर्मीळ यंत्र म्हणजे व्हिक्टर कंपनीचे वंडरमेगा, १९९२ सालचे. त्यात गेम आणि सीडी एकत्र, शिवाय कराओकेसाठी दोन मायक्रोफोनची जागा. असा माल हाती आला तर उघडण्याआधी माहीतगाराला दाखवावा.

आता कारागिरांचे काम. सेगाचे गेम गियर (१९९०) आणि एनईसीचे पीसी इंजिन ड्युओ (१९९१) यांतले लहान कपॅसिटर वर्षे गेली की गळतात. पहिले लक्षण म्हणजे आवाज बारीक होतो किंवा बंद पडतो. त्यामुळे ‘मुके’ यंत्र मेलेले समजून टाकू नये. गळलेला द्रव साफ करून, त्याच मापाचे नवे कपॅसिटर प्लस-मायनस बघून सोल्डर केले, तर आवाज बहुतेक वेळा परत येतो. सामान थोड्या पैशांचे, मोल हाताच्या सफाईचे.

वीज जोडताना घाई नको. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या नमुन्याच्या पिनमध्ये मधोमध मायनस असतो, दुसऱ्यात प्लस. उलटसुलट जोडणीने चांगले यंत्र बिघडू शकते. यंत्रावरचे छापील आकडे व खूण वाचूनच जोडावे.

एक गोष्ट दोष समजू नये. टीव्हीच्या ५० हर्ट्झ पद्धतीच्या यंत्रावर ६० हर्ट्झसाठी बनवलेले कित्येक गेम सुमारे सतरा टक्के संथ चालतात, संगीतही रेंगाळते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

कापडाच्या ठाणात एक धागा तुटलेला असला, तर तो दाखवून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. इथेही तोच हिशेब आहे. कोणते कपॅसिटर बदलले, कोणता आवाज येत नाही, हे चिठ्ठीवर लिहून यंत्रासोबत द्यावे. किलोच्या भावाने काही रुपये आज मिळतील. पारखून, दुरुस्त करून आणि खरे सांगून विकले, तर त्याच डब्यातून कारागिराची मजुरीही निघते आणि दुकानाचे नावही राहते.