क्रीमच्या डबीवर काय वाचायचं? दुकानदारांसाठी सुरक्षिततेचं गणित

रत्नागिरीच्या बाजारात आज खोबरेल तेलाच्या साबणापासून गोरं करणाऱ्या क्रीमपर्यंत सगळं विकलं जातं. गिऱ्हाईक विचारतं, "दादा, हे सेफ आहे ना?" उत्तर देण्याआधी तपासणी कशी होते ते समजून घेऊ.

१. आधी यादी
भारतात कॉस्मेटिक्स रूल्स २०२० लागू आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ मध्ये कोणते रंग चालतात आणि कोणते घटक सुरक्षित मानले जात नाहीत, याच्या याद्या आहेत. नाव यादीत सापडलं की तो घटक बाद, किंवा मर्यादेतच वापरायचा.

२. मग प्रमाण
पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत आलाच, तर साध्या क्रीममध्ये दहा लाखांत १ भाग, आणि डोळ्यांच्या प्रसाधनात ७० भाग, एवढीच सूट. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींना किडनीचा त्रास झाला, आणि मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर बोट गेलं ते चेहऱ्याच्या क्रीमकडे. त्यात मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त पारा होता. पारा रंग उजळवतो म्हणून असा माल खपतो, पण तो त्वचेतून शरीरात जातो.

३. शेवटी तयार माल
घटक धोकादायक म्हणजे वस्तूही धोकादायक, असं नसतं. कॉस्टिक सोडा हाताला लागला तर भाजतो. पण साबण नीट बनला, तर सोडा तेलाशी मिळून संपतो. माप चुकलं तर मात्र तो उरतो. म्हणून पीएच आणि त्वचेवरची चाचणी तयार मालाचीच करायची.

मग ॲपवरच्या रेटिंगचं काय?
अमेरिकेतल्या ईडब्ल्यूजी संस्थेचा 'स्किन डीप' १ ते १० आकडे देतो. १ म्हणजे धोका कमी. पण हा आकडा मुख्यतः घटकाच्या अंगच्या धोक्यावर असतो. तुमच्या डबीत तो किती आहे, हे त्यात नीट धरलेलं नसतं. आणि छुपा पारा लेबलवर लिहितं कोण? तो ॲपला दिसणारच नाही. रेटिंग वाचा, पण त्यावर माल भरू नका.

काउंटरवर चार गोष्टी बघा
• बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता
• लायसन्स नंबर
• बॅच नंबर आणि वापरायची मुदत
• घटकांची यादी

कॉस्मेटिक विकायला वेगळं लायसन्स लागत नाही, बनवायला लागतं. पण भेसळीचा किंवा चुकीच्या लेबलचा माल विकला, तर दुकानदारही १९४० च्या कायद्यात सापडतो. "आठ दिवसांत गोरं" म्हणणारी बिनपत्त्याची डबी कितीही मार्जिन देवो, ती परत पाठवा. आपलं गिऱ्हाईक गावातलंच असतं, रोज तोंड दाखवायचं असतं.

आज एवढंच करा: रॅकवरच्या दहा डब्या उलट्या करून वाचा. शंका आली की बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा.