उशिरा जेवण, लगेच आडवं होणं

जठरातलं आम्ल अतिशय तीव्र असतं. त्याचा पीएच दीड ते साडेतीनच्या आसपास असतो. जठराचं अस्तर ते सोसतं, अन्ननलिकेचं सोसत नाही. दोघांच्या सांध्यावर स्नायूंचं एक कडं असतं. ते नको तेव्हा सैल पडलं, की आम्ल वर चढतं आणि छातीत जळजळ सुरू होते.

मुंबईत लोकलने रात्री नऊला घरी पोचणारा माणूस दहाला जेवतो आणि साडेदहाला झोपतो. पोट भरलेलं आणि शरीर आडवं, म्हणजे आम्लाला खाली ठेवणारं गुरुत्वाकर्षणच संपलं! जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर हवं. ते जमत नसेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास पोळीभाजी खावी, रात्री थोडा मऊ भात. पलंगाची डोक्याकडची बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उचलावी. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं आणि वर आलेलं आम्ल लवकर परततं.

उपवासाची तुपातली, दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी अनेकांना बाधते, कारण स्निग्ध पदार्थांमुळे जठर सावकाश रिकामं होतं. थंड दूध घटकाभर बरं वाटतं, पण नंतर आम्ल वाढवू शकतं. तंबाखू, दारू सोडणं आणि पोटाचा घेर कमी करणं हे उपाय मात्र खरोखर टिकतात.

गिळताना त्रास, काळी शौच किंवा अकारण वजन घटणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. छातीतल्या दुखण्यासोबत घाम किंवा धाप असेल, तर ‘ॲसिडिटीच असेल’ म्हणत थांबू नका. थेट रुग्णालय गाठा.