अंगणातील शंकू

आकाशाचा अभ्यास करावयाचा तर मोठी दुर्बीण हवीच, असे पुष्कळांना वाटते. परंतु आजऱ्यासारख्या गावी, शाळेच्या अंगणात उभी केलेली एक साधी काठीही बरेच काही शिकविते. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी अशा काठीला ‘शंकू’ हे नाव दिले होते. तिची उंची ते बहुधा बारा अंगुळे धरीत.

सपाट जमिनीवर शंकू ओळंब्याने सरळ उभा करावा व त्याच्या बुडाभोवती दोरीने एक वर्तुळ काढावे. सकाळी लांब असलेली सावली हळूहळू आखडत येते. तिचे टोक वर्तुळाला जेथे शिवेल तेथे खूण करावी. दुपारनंतर टोक पुन्हा वर्तुळाबाहेर जाऊ लागेल. तेथे दुसरी खूण करावी. या खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. शंकूच्या बुडातून तिला लंब काढला, की उत्तर-दक्षिण रेषा मिळते. सावली या रेषेवर आली, की खरा मध्यान्ह झाला.

मौज अशी, की त्या वेळी घड्याळात बारा केव्हाच वाजून गेलेले असतात. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावरील वेळ दाखवितात. आजरा आहे सुमारे ७४.२ अंशांवर. एवढे अंतर तोडण्यास सूर्याला ३३ मिनिटे लागतात!

५ मेच्या सुमारास तर मध्यान्ही शंकूची सावली नाहीशीच होते. कारण सूर्य तेव्हा बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी तो पुन्हा डोक्यावर येतो खरा, पण आजऱ्याच्या पावसात त्याचे दर्शन व्हावे कसे?

याच सावलीने पृथ्वीही मोजता येते. इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने इजिप्तमध्ये तशी ती मोजली होती. आपणही नाशिकच्या एखाद्या शाळेला पत्र लिहावे. जानेवारीतील एकाच दिवशी, आपापल्या मध्यान्ही, दोन्ही शाळांनी सावली मोजावी. शंकू व सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून, सूर्य माथ्यापासून किती अंश कललेला आहे ते कोनमापकाने पाहावे. नाशिकचा कोन सुमारे ४ अंशांनी अधिक भरेल. दोन्ही गावांमधील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४३० किलोमीटर आहे. ३६० अंशांत ४ अंश ९० वेळा जातात. म्हणून ४३० ला ९० ने गुणावे. उत्तर ३८,७०० किलोमीटर येते. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

मात्र कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर उत्तर चार-पाच हजार किलोमीटरांनी बदलते. तेव्हा मोजण्यापूर्वी ओळंबा पुन्हा एकदा लावून पाहावा.