हापूसची फोड आणि चाखणाऱ्याचा मूड

हापूसच्या मोसमात एपीएमसीच्या, म्हणजे बाजार समितीच्या फळ मार्केटात गेलात, तर पेटी उघडणारा व्यापारी एक फोड कापून हातावर ठेवतो. ती गोड लागली की भावाची बोलणी सुरू. चाखणाऱ्याचा मूड कसा आहे, हे कोणी विचारत नाही. विचारायला हवं का? यावर लोक दोन टोकांना बसलेले दिसतात. एक म्हणतो, आंबा गोड असेल तर गोडच लागणार, मनाचा काय संबंध! दुसरा म्हणतो, सगळा मनाचाच खेळ. दोघंही चुकतात, दुसरा जरा जास्त.

फोडीतली साखर मूडने बदलत नाही, हे खरंच. आंबा पिकताना पिष्टाची साखर होते आणि ती रसाच्या दोन थेंबांवरून उपकरणाने मोजता येते. बदलते ती साखर टिपणारी यंत्रणा. 2006 साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 20 निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. मूडशी जवळचा संबंध असलेलं सेरोटोनिन वाढवणारं औषध दिल्यावर या मंडळींना 27 टक्के कमी साखरेतही गोडवा ओळखू येऊ लागला. कडूपणा तर निम्म्याहून कमी मात्रेत. नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाने कडू आणि आंबट चवींची जाण तीक्ष्ण झाली, गोडाची नाही. म्हणजे मनःस्थितीशी जोडलेली रसायनं चवीतही ढवळाढवळ करतात, पण सगळ्या चवींशी सारखी नाही.

‘मन थाऱ्यावर नसलं की सगळं कडू लागतं’ हा समज तर याच प्रयोगात उलटा पडला. जो माणूस मुळात जास्त चिंताग्रस्त, त्याला कडू आणि खारट ओळखायला जास्त मात्रा लागत होती. काळजीत असलेल्याच्या हातून भाजीत मीठ जास्त का पडतं, याचं एक कारण हेही असू शकेल (ही माझी पुस्ती, प्रयोगात भाजी नव्हती).

आता दुसऱ्या टोकाचे गृहस्थ. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013-14 च्या मोसमात कॉलेजच्या हॉकी सामन्यांना आलेल्या 550 प्रेक्षकांची चव तपासली. चार विजय, तीन पराभव, एक बरोबरी. प्रयोगशाळेत कृत्रिम मूड तयार करण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी छान. खूश प्रेक्षकांना गोड अधिक गोड आणि आंबट कमी आंबट लागलं. हिरमुसलेल्यांना याच्या उलट. हापूसची सगळी मजा गोड-आंबटाच्या तोलावर असल्यामुळे आपल्या फोडीला हे चांगलंच लागू पडावं. ट्रकांच्या गर्दीत अर्धा तास अडकून, वैतागून आलेल्या गिऱ्हाइकाला तीच फोड किंचित आंबट वाटू शकते. पण किंचितच. कच्चा, आंबट आंबा आनंदी माणसालाही मधासारखा लागणार नाही.

शिवाय मूडच्या माथी खापर फोडण्याआधी मार्केटात शिरताना घेतलेला कटिंग चहा आठवावा. जीभ साखरेला सरावली की त्यानंतरचं गोड फिकं आणि आंबट ठळक लागतं. फोड चाखण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरणं हा मूड सुधारण्यापेक्षा खूप सोपा उपाय.

काही जण फोड जिभेच्या शेंड्यावर ठेवतात, कारण शाळेत शिकलेला तो नकाशा: शेंड्याला गोड, मागे कडू, कडेला आंबट. जर्मनीतल्या हेनिग यांनी 1901 मध्ये भागाभागांतले किरकोळ फरक नोंदवले होते. पुढे 1942 मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखातून ते फरक फुगले आणि नकाशा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. चवकळ्या असलेल्या प्रत्येक भागाला सगळ्या चवी कळतात. आणि हापूसची ओळख पटते ती मुख्यतः वासाने. फोड चावताना तोंडातून नाकाच्या मागच्या बाजूला चढणारा गंध आपण जिभेच्या खात्यावर जमा करतो. नाक चिमटीत धरून खा, हापूस आणि पायरीतला फरक सांगताना पंचाईत होईल.

फळांकडून बाजार समितीच्या मसाला मार्केटात वळलं, तर तिथे दुसरीच गंमत. तिखट ही आपल्या षड्रसांपैकी एक, पण शरीराच्या हिशेबात ती चव नव्हे, जळजळ. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या ग्राहीला चेतवतं. हा ग्राही 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधला. 2021 चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. लाल दिसली की तिखट, हाही डोळ्यांनी केलेला घोटाळा: ब्याडगी गडद लाल असूनही बेताची तिखट, तर चणीने लहान लवंगी घाम फोडते.

राहिला लाडका समज, की मूड गेला तर आवडीचं खावं, लगेच बरं वाटतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात उदास दृश्यं दाखवून काहींना मनपसंत पदार्थ दिले, काहींना दुसरे, काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचाच मूड सारखाच सुधारला. हापूस खाण्यासाठी अर्थात एवढं निमित्त कोणाला लागतं!

मात्र आठवडेच्या आठवडे अन्न बेचव लागत असेल, तर ‘मूड नाही’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्यात असं होतं, तसंच सर्दी, कोविड, काही औषधं आणि दातांच्या तक्रारींमुळेही होतं. डॉक्टर आधी वास येतो का, हे विचारतील.