साखर आणि ‘शुगर’

एकाच पदार्थाची दोन नावे मराठी माणसाने दोन वेगळ्या कप्प्यांत जपून ठेवली आहेत. ‘साखर’ हे शुभाचे नाव आहे. विवाह ठरला की साखरपुडा होतो, आणि आनंदाची वार्ता आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडो असे आपण म्हणतो. ‘शुगर’ हे मात्र रोगाचे नाव झाले आहे. ‘त्यांना शुगर आहे’ एवढे कानावर आले की ऐकणाऱ्याचा स्वर आपोआप खाली येतो. शुभ आणि अशुभ यांची अशी वाटणी झाल्यामुळे आपल्या व्यवहारात एक विचित्र नियम रूढ झाला आहे. साखर सोडण्याचा अधिकार फक्त आजारी माणसाला आहे. निरोगी माणसाने ती सोडणे हा आगाऊपणा समजला जातो.

वर्ध्याहून नागपूरकडे निघालेल्या रस्त्यावर पवनार मागे टाकले की सेलू हे तालुक्याचे गाव लागते. तेथील एखाद्या टपरीवर, कचेरीत किंवा शाळेच्या शिक्षक-कक्षात कोणी बिनसाखरेचा चहा मागून पाहावा. ‘का जी, शुगर निघाली काय?’ हा प्रश्न चहाच्या आधी येतो. विचारणाऱ्याच्या मनात सहानुभूती असते यात शंका नाही. परंतु या एका प्रश्नातच आपल्या सार्वजनिक आरोग्याची खरी अडचण सामावलेली आहे. उपाय करण्याची वेळ आपण रोगाच्या आगमनानंतरची ठरविली आहे.

आकडे काय सांगतात

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मधुमेह केवळ साखर खाण्याने होतो असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. आनुवंशिकता, वाढलेले वजन, बैठे काम, तांदूळ-मैद्याचा अतिरेक अशी त्याची अनेक कारणे आहेत. परंतु ज्या कारणावर माणसाचा ताबा सर्वांत लवकर बसू शकतो, ते कारण त्याच्या चहाच्या कपात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये याबाबत मर्यादा सुचविल्या. दिवसभराच्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेतून येणारा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा आणि शक्य तर तो पाच टक्क्यांवर आणावा, असे संघटना सांगते. पाच टक्के म्हणजे प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 25 ग्रॅम, अर्थात पाच ते सहा चहाचे चमचे. या हिशेबात गूळ, मध आणि फळांचा गाळलेला रसही धरावयाचा असतो; अख्खे फळ मात्र धरावयाचे नसते. एके काळी सेलू-पवनारचा परिसर केळीच्या बागांसाठी ओळखला जाई. साखर कमी करावयाची म्हणून केळे सोडण्याचे कारण नाही. केळ्याच्या शिकरणात पडणाऱ्या चमच्यांचा विचार तेवढा करावयाचा आहे.

आता दुसऱ्या बाजूचा आकडा पाहावा. देशात साखरेचा वार्षिक खप 280 लाख टनांच्या घरात आहे. लोकसंख्येने भागले असता तो माणशी दिवसाला पन्नास ग्रॅमच्या वर जातो. ही सरासरी आहे. तिच्यात महिन्याला किलोभर साखर पुरवून वापरणारे मजुराचे कुटुंब आहे आणि रोज शीतपेयाची बाटली रिचविणारा विद्यार्थीही आहे. तरीही सरासरीच मर्यादेच्या दुप्पट असावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

वर्ध्यातील जुना वाद

साखरेविषयीचा हा विचार वर्धा जिल्ह्याला नवा नाही. 1932 मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण दिले आणि पुढील काही वर्षांतच देशातील साखर कारखान्यांची संख्या तीस-बत्तीसवरून शंभराच्या पुढे गेली. गिरणीच्या पांढऱ्या साखरेचा हा पूर चढत असतानाच, 1934 च्या डिसेंबरमध्ये, अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या बागेत, मगनवाडीत, संघाचे कार्यालय थाटले गेले आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम हाती घेतले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि साखरेऐवजी गूळ हा त्या कार्यक्रमाचा भाग होता. ताडाच्या रसापासून गूळ करण्याचे प्रयत्नही याच चळवळीने केले.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते, ते आज वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा होता. उसाचा गूळ गावात झाला तर मजुरी आणि नफा गावात राहतो. साखर गिरणीत झाली तर तो बाहेर जातो. हा युक्तिवाद आजही विचारात घेण्याजोगा आहे. दुसरा प्रश्न पोषणाचा होता. गुळात काही क्षार असतात, म्हणून तो साखरेहून श्रेष्ठ, असे तेव्हा मानले गेले. ते क्षार खरेच असतात. परंतु दिवसभरात जेवढा गूळ खावा, तेवढ्यातून ते फारच थोडे मिळतात. उलट गुळाचा मुख्य भाग साखरेचाच आहे. म्हणून साखरेचा डबा काढून त्या जागी गुळाची ढेप ठेवणारा आणि चहा पूर्वीइतकाच गोड पिणारा मनुष्य ग्रामोद्योगाची सेवा करीत असेल. स्वतःच्या स्वादुपिंडाची करीत नाही.

गांधीजींचे नाव पुढे करून साखरेवर संपूर्ण बहिष्कार सांगणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1942 ते 1944 या काळात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात बैठे काम करणाऱ्याच्या रोजच्या आहारासाठी गूळ किंवा साखर दीड औंस, म्हणजे चाळीस ग्रॅमहून थोडी अधिक, सांगितली आहे. ती आजच्या शिफारशीपेक्षा जास्त आहे. परंतु त्या आहारात चहाला स्थान नव्हते, बिस्किटे नव्हती, बाटलीतील पेये नव्हती. आणि तो आहार सांगणारा गृहस्थ रोज मैलोगणती चालत असे. प्रमाण त्या दिनक्रमाला शोभणारे होते. आपण दिनक्रम बदलला आणि प्रमाण वाढविले.

टंचाईने दिलेली प्रतिष्ठा

साखरेला घरात एवढा मान कसा मिळाला, याचे उत्तर काही अंशी आपल्या नियंत्रणाच्या धोरणात आहे. 1967 पासून 2013 पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, साखरेचा एक हिस्सा लेव्हीच्या रूपाने सरकारकडे जाई आणि तो शिधापत्रिकेवर मिळे. दिवाळीला जादा साखर मिळणार की नाही, हा वृत्तपत्रांच्या बातमीचा विषय असे. ज्या वस्तूसाठी रांगेत उभे राहावे लागते, तिचे ताटातील स्थान उंचावते. पाहुण्याच्या कपात एक चमचा अधिक टाकणे हा त्या टंचाईच्या काळात खराखुरा त्याग होता. आज टंचाई गेली, किलोला चाळीस-पंचेचाळीस रुपये मोजले की हवी तेवढी साखर मिळते; तो जादा चमचा मात्र सवयीने तसाच पडत राहिला आहे.

रेशनच्या रांगेचा दुसरा धडा ब्रिटनमधून मिळतो. दुसऱ्या महायुद्धात तेथे साखरेवर घातलेले रेशन 1953 च्या सप्टेंबरमध्ये उठले आणि माणशी दैनंदिन खप सुमारे चाळीस ग्रॅमवरून ऐंशी ग्रॅमच्या आसपास गेला. रेशन उठण्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या लोकांच्या उतारवयातील आरोग्याची तुलना अर्थशास्त्रज्ञांनी केली आणि ती 2024 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे 20 टक्क्यांनी कमी आढळला. त्या मुलांनी संयम पाळला नव्हता. सरकारच्या शिधापत्रिकेने तो त्यांच्याकडून पाळवून घेतला होता. गर्भवतीला कौतुकाने पेढे भरविणाऱ्या आणि तान्ह्या बाळाच्या दुधात साखर घालणाऱ्या घरांनी या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नये.

डब्याचा हिशेब

सेलूसारख्या गावातील चार माणसांचे मध्यमवर्गीय कुटुंब कल्पावे. ते महिन्याला चार किलो साखर आणते. म्हणजे माणशी रोज सुमारे 33 ग्रॅम झाले; मर्यादा येथेच ओलांडली गेली. बिस्किटे, मिठाई, शीतपेये आणि लग्नसराईतील जेवणे यांचा हिशेब अजून व्हावयाचाच आहे. या कुटुंबाने साखर दीड किलोवर आणली, तर वर्षाला तीस किलो साखर वाचेल आणि रुपये वाचतील तेराशेच्या आसपास. ही बचत कोणाला मोहात पाडील अशी नाही, हे मान्य केले पाहिजे. साखर महाग असती, तर ती आपोआप कमी झाली असती. तिची खरी किंमत वीस वर्षांनी औषधाच्या दुकानात द्यावी लागते, आणि दूरच्या खर्चाला आजच्या मनात नेहमीच सवलत मिळते. किंमत जेथे इशारा देत नाही, तेथे तो विवेकाने द्यावा लागतो.

सुरुवात चहापासून करणे हेच व्यवहार्य आहे. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप असतील, तर तेवढ्यातच तीस-चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते. एकदम सोडण्याची प्रतिज्ञा बहुधा आठवड्यात मोडते. त्याऐवजी दोनाचा दीड, दीडाचा एक, एकाचा अर्धा असे दर पंधरवड्याला उतरावे. जीभ ही सवयीची दासी आहे; काही आठवड्यांत तिला पूर्वीचाच चहा अतिगोड वाटू लागतो. जे मधुमेहाची औषधे घेत आहेत, त्यांनी मात्र आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

चहानंतर पुड्यांकडे वळावे. बिस्किटाच्या पुड्यावर साखरेचे प्रमाण बारीक अक्षरांत छापलेले असते. शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांकडून वाचवून घ्यावे, गणिताचा तास चांगला होईल. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025 च्या मे महिन्यात आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. हे काम जिल्हा परिषदेच्या शाळेलाही जमण्याजोगे आहे. त्याला एक फळा आणि खडू पुरतो. करधोरण मात्र अद्याप दोन दिशांना तोंड करून उभे आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये वायुयुक्त गोड पेयांवरील वस्तू व सेवा कर 40 टक्के ठरला आणि त्याच वेळी बिस्किटांवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला.

उसाचे काय?

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. सेलू तालुक्यातच जामणी येथे साखर कारखाना उभा राहिला आणि त्याला नावही महात्म्याचेच मिळाले. बोर प्रकल्पाच्या तालुक्यात, कापूस-सोयाबीनच्या बेभरवशाच्या बाजाराला कंटाळलेल्या शेतकऱ्याला ऊस हा आधार वाटला तर नवल नाही. साखर खाऊ नका असे सांगणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे नव्हे काय?

वस्तुस्थिती अशी आहे, की देशातील साखरेचा निम्म्याहून अधिक भाग घरच्या डब्यात जात नाही. तो मिठाई, पेये आणि बेकरीचे व्यावसायिक उचलतात. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार ठरविते. त्या दरापोटी कारखान्यांच्या हाती पैसा राहावा म्हणून 2018 पासून साखरेच्या विक्रीचा किमान भावही बांधून दिला गेला. उसाचा काही भाग आता इथेनॉलकडे वळतो. त्यामुळे एखाद्या शिक्षकाने चहातील चमचा कमी केल्याने उसाचा भाव पडत नाही. सर्वच लोकांनी साखर कमी केली, तर दीर्घ काळात पिकांची फेरमांडणी करावी लागेल, हे खरे आहे. परंतु ती जबाबदारी कृषिधोरणाची आहे. शेतकऱ्याच्या भावाचा प्रश्न ग्राहकाच्या रक्तातील साखर वाढवून सुटत नसतो; शिवाय मधुमेह ऊस पिकविणाऱ्याच्या घरालाही वगळत नाही. सेवाग्रामच्या रुग्णालयातील रांगेत दोघेही शेजारी बसलेले असतात.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. सणाची पुरणपोळी आणि संक्रांतीचा तिळगूळ यांना कोणी हात लावण्याचे कारण नाही. वर्षातील हे पाच-दहा दिवस उरलेल्या दिवसांच्या साधेपणामुळेच गोड होते. शाळा, कचेऱ्या आणि महाविद्यालये यांनी एवढे करावे, की चहा साखरेविना उकळावा आणि साखर वेगळ्या वाटीत ठेवावी. ज्याला हवी, त्याने हवी तेवढी घ्यावी. मग बिनसाखरेचा चहा घेणाऱ्याला कोणापुढे आपला आजार सिद्ध करावा लागणार नाही, आणि सेलूच्या टपरीवरचा तो प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचणारही नाही.